घरघर ओळखणारी शकूवहिनी

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "सांगलीचा फोन आहे गं," तेव्हा फाल्गुनातलं ऊन नुकतं चढायला लागलं होतं आणि माझे हात साबुदाण्याच्या चिकानं भरलेले होते. तसेच पदराला पुसत गेले. पलीकडे दिलीपभाऊ होते. "ताई, शकू गेली," एवढंच म्हणाले. पुढं काही बोलेनात आणि फोनही ठेवेनात. मीही ठेवला नाही. लाइनमध्ये एक बारीक घरघर येत होती, सांगलीचा फोन आला की नेहमी यायची तशी, आणि त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं की शकूवहिनी असती तर म्हणाली असती, "वन्सं, कुठंतरी जोड ओला हाय बघा..." कावीळ झाली होती तिला. मिरजेच्या दवाखान्यात नेली तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते म्हणे. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात हा फोन. चाळिशी नुकती ओलांडली होती तिनं.

आमचं नातं रक्ताचं नव्हे. मी साताऱ्याची, ऑर्केस्ट्रात गाणारी. दिलीपभाऊ सांगलीचे, त्याच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून त्यांच्या बायकोनं पहिल्याच भेटीत मला वन्सं करून टाकलं आणि शेवटपर्यंत वन्संच म्हणाली. गणपती, नवरात्र, कारखान्यांचे कार्यक्रम आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा. वर्षातले कितीतरी दिवस आम्ही एका टेंपोत बसून हिंडायचो. शकूवहिनीला सुट्टी असली की तीही यायची. कलाकार म्हणून नव्हे. तिच्या मांडीवर एक पत्र्याची पेटी असायची. पेटीत सोल्डरिंगची कांडी, राळेचा खडा, पक्कड, टेस्टर आणि एका लाकडी होल्डरला लावलेला बल्ब.

कुपवाडला ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. तिचे वडील विजेच्या खात्यात लाइनमन होते. एकदा खांबावर असताना, बंद आहे म्हणून सांगितलेली लाइन चालू निघाली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून राहिली. मी त्यांना एकदाच पाहिलं, तिच्या माहेरी, आष्ट्याच्या बाजूला. त्या हातानं ते नातवाला भाकरी कुस्करून देत होते आणि माझी नजर तिथून हलेना. वहिनी हसून म्हणाली, "ह्याच हातानं मला भरवलंय वन्सं. मला वाटायचं, समद्यांच्याच बापाचा हात आसाच असतो." त्या वडिलांनी तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं. करंट दिसत नाही, त्याला वास नाही, पण नीट कान दिला तर ऐकू येतो.

आता फझबद्दल सांगायला हवं. गिटारचा आवाज एरवी स्वच्छ, घंटेसारखा असतो. त्या आवाजाला फाडून जाड, खरखरीत, गुरगुरता करणारी एक डबी असते. ती पायाशी ठेवायची आणि हवं तेव्हा तिचं बटण पायानं दाबायचं. तिलाच फझ म्हणतात. जुन्या सिनेमातल्या क्लबच्या गाण्यांत तो आवाज असायचा आणि जत्रेत नेमकी तीच गाणी मागितली जायची. दिलीपभाऊंकडे मुंबईहून आणलेली एक परदेशी जुनी डबी होती. तासगावच्या एका कार्यक्रमात ती मुकी झाली. भाऊ घरी येऊन जेवले नाहीत. वहिनीनं ताटं आवरली, डबी उघडली आणि बराच वेळ बघत बसली. आत दोन ट्रान्झिस्टर आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सुटे भाग. "एवढ्याशासाठी तुमी उपाशी झोपता व्हय?" म्हणाली. ती डबी तिनं दुरुस्त केली आणि मग तशीच दुसरी केली. दुसरी आधी नुसती शिट्टी मारायची, मग नुसती खोकायची. ती बोलायला लागेपर्यंत पावसाळा उलटला.

तिच्या डब्या कुपवाडच्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या असत. ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओतले, छोट्या टोपीसारखे, जर्मेनियमचे. नवे मिळायचे, पण त्यांचा आवाज तिला कोरडा वाटायचा. हे जुने मात्र फार लहरी. थंडीत गोड वाजतील आणि उन्हाळ्यात घसा बसल्यासारखे होतील. म्हणून ती ते भर वैशाखात, दुपारी पत्र्याखाली बसून निवडायची. घाम गळतोय, एकेक टोपी लावून बघतेय, आणि जी उन्हातही तग धरेल तिला नखाच्या लाल रंगाचा ठिपका देतेय. मिरजेतले रेडिओ दुरुस्त करणारे तिच्यासाठी मोडके रेडिओ राखून ठेवायचे. हळूहळू कराड, इचलकरंजी, कोल्हापूरकडचे वाजवणारे घर शोधत यायला लागले. दारात आलेला माणूस आधी दिलीपभाऊंनाच नमस्कार करायचा. भाऊ आत बोट दाखवायचे. आत परकर-पोलक्यातल्या धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन राळेच्या धुरात बसलेली बाई बघून तो गोंधळायचा.

पण मला आठवते ती तिची वेगळीच सवय. फझ सुरू केला की गिटारच्या आवाजाबरोबर लाइनमधली घरघरही दसपट मोठी होऊन ऐकू येते. बाकीच्यांना ती कटकट वाटायची. वहिनी मात्र गिटार वाजण्याआधी ती घरघरच ऐकायची. कार्यक्रमाआधी भाऊंना म्हणायची, "वाजवू नका. नुसतं बटन दाबा आन् गप ऱ्हावा." मग डोळे मिटून उभी. कधी मान हलवून पुढं जायची, तर कधी तिचा चेहरा एकदम उतरायचा. बोलता बोलता एकदम बोट वर करायची आणि आम्ही सगळे गप्प व्हायचो, कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिल्यासारखे. मला तर पुढं पुढं तिच्या त्या बोटाचीच भीती वाटायला लागली. त्या काळात माइकला ओठ लागला की मुंग्या येणं हे आम्हा गाणाऱ्यांना रोजचंच होतं. आम्ही माइकला रुमाल बांधायचो आणि हसण्यावारी न्यायचो. वहिनी हसायची नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांचा अँप, आवाज वाढवायची ती पेटी, एका लाइनीवर, तुमचा माइक दुसऱ्या. हे हातात गिटार धरणार आन् गायला तोंड माइकला लावणार. मधी काय हाय सांगा बरं?" मी म्हटलं, "काय?" "मधी हेच की, वन्सं."

तिचं नेहमी बरोबरच यायचं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. वाईला गणपतीत एकदा तिनं असंच बोट वर केलं आणि कार्यक्रम तासभर अडवून धरला. टेस्टर लावला, सगळे प्लग काढून बघितले. शेवटी निघालं काय, तर रोषणाईचं रेग्युलेटर गिटारच्या जवळ ठेवलेलं, त्याची घरघर. धोका काहीच नव्हता. मंडळाची पोरं फिदीफिदी हसली. आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, टेंपोत बसताना सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुम्ही डब्या लय झकास करता. पण जत्रंला येत जाऊ नका. माणसं बिचकतात." तिनं पेटीचं झाकण लावलं. दिलीपभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर बरेच महिने ती आलीच नाही.

मग ते पाटणच्या पुढचं गाव आलं. नाव लिहीत नाही. कोयनेच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. देवळासमोर दगडी कट्टा आणि कट्ट्यावरच स्टेज. त्या खेपेला वहिनी का आली, मला माहीत नाही. सकाळी टेंपो सुटताना पेटी घेऊन येऊन बसली. अण्णांनी कपाळाला आठी घातली. आम्ही पोचलो तेव्हा वळीव नुकता पडून गेला होता. कट्टा ओला, फळ्या ओल्या, खाली टाकलेल्या सतरंजीतून पाणी वर येत होतं. स्टेज देवाच्या तोंडासमोर, म्हणून सगळ्यांनी चपला खाली काढायच्या. हे आम्हाला नवीन नव्हतं. पण आजही ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर येतं... आमची सगळ्यांची उघडी पावलं आणि त्या ओल्या सतरंजीवर उठलेले त्यांचे ठसे.

दिवेलागणीला आवाज तपासायला उभे राहिलो. समोर माणसं येऊन बसायला लागली होती, पोरं पुढं, बाया एका बाजूला. वहिनी भाऊंना म्हणाली, "बटन दाबा." भाऊंनी दाबलं. त्या दिवशीची घरघर मलासुद्धा वेगळी वाटली. नेहमीची एकसुरी असते. ही मधेच थांबायची, श्वास घेतल्यासारखी, आणि पुन्हा यायची तेव्हा आधीपेक्षा मोठी. स्टेजवरचे दिवे तिच्याबरोबर बारीक मोठे होत होते. वहिनीनं बोट वर केलं नाही. सरळ माझ्याकडे आली, माझ्या हातातला रुमाल बांधलेला माइक स्टँडवर ठेवायला लावला आणि त्याच्या जाळीला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. मग ती कट्ट्यामागं गेली, जिथं मांडववाल्यानं खांबावरून लाइन घेतली होती. मीही मागोमाग गेले. तिनं बोर्ड उघडला, बघितलं आणि मांडववाल्याला म्हणाली, "दादा, अर्थची तार जमिनीत कुठं गेलीया?" करंट माघारी नेणाऱ्या तारेकडं बोट दाखवत तो म्हणाला, "न्यूट्रललाच जोडलीया की. समदीकडं आसंच करत्यात." ती म्हणाली, "आन् न्यूट्रलचा जोड हितं लोंबतोय. वाऱ्यानं हलतोय. ह्यो सुटला तर समद्या लोखंडात करंट यील, माइकात, गिटारीत." तो हसला. "बाई, धा वर्सं मांडव घालतोय. एवढं तेवढं असतंयच."

अण्णा आले. तिनं त्यांनाही सांगितलं, हळू आवाजात, हात जोडून. अण्णा म्हणाले, "वाईला पण तुम्ही हेच म्हणाला होतात." ती परत त्या लोंबत्या जोडाकडं बोट दाखवायला लागली. समोर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. जत्रा कमिटीचा एक जण येऊन म्हणाला, "आवं सुरू करा की, पोरं खवळायला लागल्याती." अण्णांनी भाऊंना खूण केली. भाऊ गिटार गळ्यात घेऊन पुढं झाले. पहिलं गाणं त्यांचंच असायचं, वाजवत गायचं. मी वहिनीकडे पाहत होते. तिनं पेटीतली पक्कड काढली, कट्ट्यामागं गेली, आमच्या सगळ्या आवाजाचा मुख्य प्लग उपसला आणि ती जाड केबल पकडीनं तोडली. एका जागी नव्हे, दोन-तीन जागी, परत जोडता येऊ नये म्हणून. भाऊंचे ओठ माइकपाशी पोचले होते. त्यांचा पहिला शब्द नुसताच तोंडातून आला, लाउडस्पीकरशिवाय, आणि इतका बारीक की पुढची पोरं हसली.

पुढचं सगळं घाईत झालं. ढेकळं आली, मग दगड. कमिटीच्या माणसांनी आम्हाला कसंबसं टेंपोत कोंबलं. निघण्याआधी वहिनी त्या गर्दीतसुद्धा कमिटीच्या म्होरक्याचा हात धरून सांगत होती, "उद्या दुसरी पार्टी येणार हाय न्हवं? तेंना त्या बोर्डावर घेऊ नका. जोड नीट करून घ्या, आय शप्पत सांगते." तो "व्हय, व्हय" म्हणत होता आणि तिला ढकलत होता. टेंपोत कुणी तिच्याशी बोललं नाही. दिलीपभाऊ पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. कराडच्या स्टँडवर ती पेटी घेऊन उतरली. "मी यष्टीनं जाते," म्हणाली. भाऊंनी मान वळवली नाही. त्याच आठवड्यात अण्णांनी भाऊंना काढून टाकलं. घडलं काहीच नव्हतं ना. कुणालाही शॉक लागला नव्हता, कुणी पडलं नव्हतं. एका बाईनं चांगला कार्यक्रम मोडला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच कट्ट्यावर दुसऱ्या पार्टीचा कार्यक्रम झाला. विलास नावाचा एक तरुण होता, त्याच पंचक्रोशीतला, गिटार वाजवत गाणारा. दुसऱ्या गाण्यात तो माइकला चिकटला. लोकांना आधी वाटलं, नाचतोय. टाळ्या पडल्या... वायरी ओढून काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

ही बातमी सांगलीला दिलीपभाऊंनी तिला सांगितली. केबल तोडल्यापासून ते तिच्याशी बोलले नव्हते, बोलले ते हेच. नंतर खूप वर्षांनी त्यांनी मला ते सांगितलं. वहिनी घरी वाइंडिंगचं काम घेऊन बसली होती. ऐकल्यावर तिचा हात थांबला नाही. तार फिरवत राहिली, मोजत राहिली, फेरा पुरा झाल्यावर म्हणाली, "मी आपलीच वायर तोडली. त्या बोर्डाचा जोड का न्हाई तोडला मी? पक्कड तर हातातच हुती." भाऊ म्हणाले, "शकू, मी मेलो असतो." तिनं ते ऐकलंच नसावं. "हातातच हुती," परत म्हणाली.

त्यानंतरची वहिनी मला जरा परकी वाटायची. डब्या करायची, त्याच खरखरीत, गुरगुरत्या आवाजाच्या. पण प्रत्येक डबीला तिनं एक बारीक निऑनचा दिवा आणि बाहेर एक पितळी पट्टी बसवायला सुरुवात केली. गाण्याआधी पट्टीवर बोट ठेवून गिटारची तार माइकला टेकवायची. दिवा लागला तर गायचं नाही, मग समोर कुणीही बसलेलं असो. डबी न्यायला आलेल्याला ती हे करून दाखवायला लावायची. काही जण हसायचे. हसणाऱ्याला ती डबी देत नसे, दार लोटून घ्यायची. विजेवर चालणारी डबी करून द्या म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी ती ऐकत नसे. फक्त बॅटरी. अण्णांनी भाऊंना परत बोलावलं. मी पुन्हा त्यांच्या शेजारी उभी राहून गायले. वहिनी मात्र कुठल्याच जत्रेला पुन्हा आली नाही. चैत्रात कधीतरी कराडला मावशीकडे जाऊन यायची, तेवढंच. "मावशी थकलीया, वन्सं," म्हणायची. परत यायची ती उन्हानं काळवंडलेली, हाताला फोड आलेले. मावशीकडे काय दळायला बसतेस का, असं मी चेष्टेत विचारलं, तर म्हणाली, "तसंच समजा."

दिवस होऊन गेल्यावर, पाडवा उलटल्यावर, मी सांगलीला गेले. दिलीपभाऊंना तिच्या खोलीत पाय टाकवत नव्हता. धाकटी आता दहावीला होती. ती आणि मी मिळून सामान आवरत होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, पायांत रबरी चपला, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. हातात एक जड पिशवी. "बाई हायत का?" म्हणाली. भाऊ पुढं झाले. "कोण बाई?" ती गोंधळली. "शकूबाई. डब्या करत्यात त्या. दर साली पाडवा झाला की येत्यात आमच्याकडं. औंदा आल्या न्हाईत, म्हणून म्या आले. पत्ता इच्यारत इच्यारत आले." भाऊंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं सांगितलं, "आई गेली." ती बाई तशीच उंबऱ्यात खाली बसली. पिशवी कलंडली आणि तिच्यातून खडेमीठ फरशीवर सांडलं.

ती विलासची बायको, इंदू. पाणी प्यायल्यावर हळूहळू बोलायला लागली. तो गेल्यावर पहिल्याच चैत्रात वहिनी तिच्या दारात गेली होती. "म्या वळखत न्हवते. म्हणाल्या, माझ्या हातात पक्कड हुती बाई, आन् तुझा मालक ज्यानं गेला त्यो जोड मी तोडला न्हाई. म्या काय म्हणणार? लय राग आला. म्हटलं, मग आता कशाला आलाय? जावा. त्या गेल्या न्हाईत. सांजच्यापतुर अंगणात बसून ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, कुदळ हाय का?"

त्या दोघींनी कट्ट्यामागं खड्डा खणला, चुकार करंट माणसातून न जाता जमिनीत जावा म्हणून. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि त्याच्यापासून बोर्डापर्यंत तार नेली, खऱ्याखुऱ्या जमिनीतून निघालेली. गावानं हरकत घेतली नाही. एक माणूस गेलेला, सगळे धास्तावलेले होते. पण पुढच्या वर्षी धास्ती ओसरली. त्या खड्ड्याला पाणी घालत राहावं लागतं, मीठ विरघळलं की भरावं लागतं, तारेचा गंज खरवडावा लागतो. माती सुकली की ती तार असून नसल्यासारखी. ते करायला गावातलं कुणी येईना. म्हणून दर चैत्रात, जत्रेच्या आधी, वहिनी जायची. त्या दोघी दुपारभर कळशीनं पाणी वाहायच्या. मावशी बिवशी कुणी नव्हतीच.

"आन् मांडववाला?" मी विचारलं.

"त्योच हाय की अजून. औंदाबी त्योच. परवा फळ्या आणून टाकल्या त्यानं." ती दिलीपभाऊंकडे बघत म्हणाली, "खड्डा पार कोरडा पडलाय. मी घातलं पानी, पर वरच्या वर आटतंय. तार कशी बघायची, ते मला येत न्हाई. त्या म्हणायच्या, शिकवीन फुडच्या साली."

भाऊ सांडलेलं मीठ ओंजळीनं पिशवीत भरायला लागले. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून. मग विचारलं, "जत्रा कवा हाय?"

"सोमवारी."

आम्ही रविवारी पोचलो, भाऊ, धाकटी आणि मी. कट्टा तसाच होता. देवळाला नवा रंग दिलेला. मांडववाला खांबावर काहीतरी बांधत होता. तो आता पिकल्या केसांचा झालेला. त्यानं वरून आमच्याकडे पाहिलं, ओळख पटली की नाही कळलं नाही, पण त्याचे हात थांबले. कट्ट्यामागं चार दगडांचं एक चौकोनी आळं होतं, तुळशीला करतात तसं. आतली माती भेगाळलेली. धाकटीनं आईची पक्कड काढली आणि तारेचा जोड सोडवून खरवडायला बसली. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, की नुसतं बघून. भाऊंनी मीठ ओतलं. इंदू आणि मी आडावरून पाणी आणत होतो. पहिली कळशी ओतली तर आवाजसुद्धा न होता गडप झाली. दुसरी तशीच. तिसरी, चौथी... माझे हात भरून आले, फोड उठायला लागले. मी थांबले आणि विचारलं, "पुरे का गं आता?"

इंदू आळ्यापाशी उकिडवी बसली, मातीत बोट खुपसून बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बाई थांबायच्या न्हाईत एवढ्यात. वता आजून."